शिफ्ट कुणाच्या मालकीची?

आज जरा भांडायचं आहे. ज्यांना शनिवारची सकाळ शांततेत घालवायची असेल त्यांनी चहा घेऊन गॅलरीत बसावं, पुढचं वाचू नये. :)

भांडणाचा विषय वरवर बघता फारच किरकोळ. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्सरचा फेडर हलवताना कीबोर्डवरची जी की दाबावी लागते, तीच की दुसऱ्या कुणीतरी भलत्याच कामाला जुंपलेली असते. दोघांची टक्कर होते आणि काम भलतंच होऊन बसतं. वापरणारा बावचळतो, आणि मग सगळे मिळून त्यालाच सांगतात, "अरे, शॉर्टकट नीट पाठ कर ना!" मी गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्या अधिकाराने सांगतो, हा सल्ला चुकीचा आहे आणि थोडा निर्लज्जसुद्धा. दोष वापरणाऱ्याचा नाही. तो आमच्या धंद्याचा आहे. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द फेडरबद्दल.

फेडर म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी. लग्नाच्या मांडवात साऊंडवाल्याच्या टेबलावर अशा पट्ट्यांची रांग तुम्ही बघितली असेल. चांगल्या मिक्सरवर ही पट्टी १०० मिलिमीटर सरकते, म्हणजे बोटाला भरपूर जागा मिळते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र तीच पट्टी काही पिक्सेलांत कोंबलेली असते. समजा वरच्या भागातले २० डेसिबल ७५ पिक्सेलांत बसवले. म्हणजे माउस एक पिक्सेल हलला की पाव डेसिबलहून जास्त फरक. गाणाऱ्या बाईचा आवाज तबल्याच्या वर अलगद तरंगत ठेवायचा असतो तेव्हा हात याहून बारीक हलावा लागतो. ६ डेसिबल वाढवले की लहरीची उंची जवळजवळ दुप्पट होते, हे लक्षात घ्या. मग कळेल की इथे पिक्सेल-पिक्सेलचा हिशोब का लागतो.

यावर सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेला तोडगा असा: एखादी की दाबून धरा आणि मग फेडर ओढा, तो हळू सरकेल. कल्पना छान आहे. पण कुठली की? प्रो टूल्समध्ये विंडोजवर कंट्रोल दाबून ओढलं की फेडर बारीक सरकतो. क्यूबेसमध्ये बारीक सरकवायला शिफ्ट लागते, आणि कंट्रोल दाबून फेडरवर क्लिक केलं की तो आपल्या मूळ जागी, शून्य डेसिबलवर उडी मारतो. म्हणजे एकाच बोटाने एका ठिकाणी हलकासा फरक होतो आणि दुसऱ्या ठिकाणी तासाभराची मेहनत पुसली जाते. दोन स्टुडिओंत काम करणाऱ्या माणसाने काय करायचं? डाव्या हाताची दोन वेगवेगळी बोटं भाड्याने आणायची?

ही झाली दोन सॉफ्टवेअरमधली तफावत. खरी मारामारी त्याच्या खाली, ऑपरेटिंग सिस्टिमशी चालते.

जरा गणित करू. कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट या तीन कीज. त्यांचे एकूण जोड किती? एकेक धरून तीन, दोन-दोन मिळून तीन, तिन्ही मिळून एक. झाले सात. विंडोज की किंवा कमांड की धरली तर पंधरा, पण ती चौथी की सिस्टिमने आधीच स्वतःसाठी राखून ठेवल्यासारखी असते. तेव्हा आपल्या वाट्याला सात. या सात जोडांत फेडर बारीक सरकवायचा आहे, शून्यावर आणायचा आहे, गटातला एकच ट्रॅक हलवायचा आहे, निवडलेले सगळे ट्रॅक एकदम हलवायचे आहेत. त्याच सात जोडांत सिस्टिमला भाषा बदलायची आहे, खिडक्या हलवायच्या आहेत. शिवाय ज्यांना हाताच्या त्रासामुळे दोन कीज एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी सोयी करायच्या आहेत. घर एक खणाचं आणि वऱ्हाडी तीन गाड्या!

काही नमुने बघा.

विंडोजवर डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली की टाइप करायची भाषा बदलते. भाषा एकच असेल तर काही होत नाही, म्हणून अमेरिकेतल्या माणसाला हे कधी जाणवतही नाही. दोन भाषा असतील तर मात्र जाणवतं. आणि प्रो टूल्समध्ये ऑल्ट-शिफ्ट म्हणजे 'निवडलेल्या सगळ्या ट्रॅकवर हेच कर'. आउटपुट नेमायला फेडरच्या शेजारीच जावं लागतं, तिथे हा जोड हरघडी लागतो.

मॅकवर कमांड-स्पेस पूर्वी भाषा बदलायला होतं. २००५ साली टायगर आलं आणि ॲपलने हा जोड स्पॉटलाइट नावाच्या शोधयंत्राला देऊन टाकला. प्रो टूल्समध्ये कमांड-स्पेस म्हणजे रेकॉर्डिंग सुरू! गायक तयार, तानपुरा लागलेला, आणि पडद्यावर उघडते शोधायची चौकट. त्यामुळे प्रो टूल्स बसवताना स्पॉटलाइटचा शॉर्टकट आधी बदला, असं ती कंपनीच लोकांना सांगते.

लिनक्सच्या काही डेस्कटॉपवर, उदाहरणार्थ एक्सएफसीईवर, ऑल्ट दाबून माउस ओढला की अख्खी खिडकी सरकते. फेडर जागच्या जागी आणि मिक्सर निघाला फिरायला. विंडोजवर शिफ्ट पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज हव्यात का' म्हणून विचारणा होते आणि उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की 'फिल्टर कीज'ची. डावखुरा माणूस डाव्या हातात माउस धरून उजव्या हाताने शिफ्ट दाबणार आणि आठ सेकंदांचा एक हळुवार फेड करणार, त्याच्या नशिबी हा प्रश्न. या सोयी अत्यंत गरजेच्या आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की फेडरची की ठरवणाऱ्याने त्या आधीपासून तिथे आहेत हे बघितलंच नाही. पूर्वी इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरने कंट्रोल-ऑल्ट-बाण दाबताच अख्खा पडदा उलटा व्हायचा, ते तर कित्येकांना आठवत असेल.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मुंबईतल्या वातानुकूलित स्टुडिओत बसलेल्यांचं दुखणं. त्यांनी बघून घ्यावं. नाही हो. सगळ्यात जास्त मार बसतो तो आमच्याकडे.

आमच्याकडे म्हणजे झाडीपट्टीत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. धान कापून झालं, दिवाळी झाली की इथे नाटकांचा सीझन सुरू होतो तो पार होळीपर्यंत. गावात मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक हवंच. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या धंद्याचं गाव. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे, बुकिंग तिथे, नटांची जमवाजमव तिथे. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या काही मंडळींना झाडीपट्टी नकाशावर सापडली. असो.

या नाटकांत गाणी असतात आणि ती रंगमंचावर जिवंत गायली जातात. पूर्वी ऑर्गन, तबला, क्लॅरिनेट असा थाट असायचा, आता ऑक्टोपॅड आणि सिंथेसायझरही आलेत. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गेल्या काही वर्षांत ही नाटकं रेकॉर्ड होऊन यूट्यूबवर येऊ लागली आहेत. मुंबईला कामाला गेलेला पोरगा तिथे बसून आपल्या गावचं नाटक बघतो. म्हणजे आमच्या या कलेचं दप्तर आज कुठे जमा होतंय? कुणाच्या तरी लॅपटॉपवर, एका मिक्सरच्या खिडकीत.

माझा एक मावसभाऊ हे काम करतो. वयाने माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मुद्दा एका सॉफ्टवेअरचा नाही. रात्रभर रेकॉर्डिंग करायचं, दिवसा मिक्सिंग करायचं, आणि हार्ड डिस्कवर जागा करायला जुने ट्रॅक पुसून पुढच्या रात्री पुढच्या गावाला निघायचं, असं त्याचं सीझनभर चाललेलं असतं. पाच-सहा तासांच्या नाटकात हरवून जाऊ नये म्हणून तो जागोजागी खुणा टाकतो. 'अंक दुसरा, प्रवेश तिसरा', 'सासूची एंट्री', 'इथे लाइट गेली'. आणि टाकतो मराठीत, कारण नाटक मराठीत आहे आणि दादाही मराठीत आहे. :)

त्या सीझनला एका कंपनीत एक वयस्कर काका ऑर्गन वाजवायचे. पायपेटी. त्यांचा तो शेवटचा सीझन, गुडघे चालेनात म्हणून पुढच्या वर्षापासून ते वाजवणार नव्हते. त्यांच्या एका नाटकाचं मिक्सिंग करताना दादाने क्लॅरिनेट नीट ऐकू यावी म्हणून ऑर्गनचा ट्रॅक घटकाभर बंद केला. त्यासाठी की होती एम. क्लॅरिनेट आणि ऑर्गन एकाच गटात होते, म्हणून क्लॅरिनेटचा फेडर एकटाच आणि बारीक हलवायला दोन कीज दाबून धराव्या लागल्या. एक की 'बारीक'साठी, दुसरी 'गट सोडून'साठी. या दोघींचा जोड त्याच्या लॅपटॉपवर भाषा बदलायचाही जोड होता. फेडर हलला, बोटं उचलली आणि कीबोर्ड गुपचूप मराठीत गेला. दादाने ऑर्गन परत चालू करायला एम दाबलं. सॉफ्टवेअरला एम मिळालंच नाही. त्याला मिळाला 'स'. 'स' नावाचा शॉर्टकट त्याच्या यादीत नव्हता, तेव्हा ते गप्प बसलं.

अख्खा अंक ऑर्गनशिवाय बाहेर पडला. कळलं तोवर मूळ ट्रॅक पुसले गेले होते. कंपनीच्या मालकाने चारचौघांत ऐकवलं, "साऊंडवाल्यानं ऑर्गन खाल्ला!" दादा मला फोनवर एवढंच म्हणाला, "मी एम दाबलो होतो गा. दोनदा दाबलो."

दाबलंच होतं त्याने. माझा पूर्ण विश्वास आहे. मी त्या सॉफ्टवेअर कंपनीला हा सगळा क्रम पायरी-पायरीने लिहून पाठवला. उत्तर आलं, 'ठरवल्याप्रमाणेच काम करत आहे.' आता ठरवलं कुणी, हा माझा प्रश्न आहे.

एमचा 'स' का झाला, ते सांगतो. तुम्ही की दाबता तेव्हा कीबोर्ड फक्त जागा कळवतो: 'खालच्या ओळीतली अमुक की'. त्याला अक्षर ठाऊक नसतं. मग ऑपरेटिंग सिस्टिम सध्या कुठली मांडणी चालू आहे ते बघते आणि त्या जागेचं अक्षर ठरवते. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्कीच्या मानकाबरोबर इनस्क्रिप्ट मांडणी पक्की केली, तिच्यात एमच्या जागी 'स' येतो, केच्या जागी 'क' येतो, आणि एसच्या जागी तर नुसती एक मात्रा येते. प्रोग्रामला दोन्ही गोष्टी मागता येतात, जागाही आणि अक्षरही. शॉर्टकटसाठी जागा बघितली तर भाषा कुठलीही असो, एमची की एमचंच काम करेल. अक्षर बघितलं तर मराठीत शॉर्टकट मेला. हे गुपित नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामलासुद्धा जागा आणि अक्षर अशा दोन वेगळ्या किमती मिळतात. ज्याने अक्षर निवडलं त्याने डोळ्यांसमोर एकच माणूस ठेवला होता: एका भाषेत जगणारा.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. हे मला तोंडपाठ आहेत, कारण ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हे सगळे ऐकून झालेत.

"खुणा इंग्रजीत टाकायच्या ना." म्हणजे रोमन अक्षरांत मराठी. 'केएएल' लिहिलं तर ते काल, काळ, कळ की कल? पहाटे चारला झोपेच्या गुंगीत हे कोडं सोडवायचं? आणि मुळात का? जपानी माणसाला कुणी सांगत नाही की तुझ्या ट्रॅकची नावं रोमनमध्ये टाक. युनिकोड १९९१ सालापासून आहे, देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. नाव मराठीत टाकू द्यायचं आणि टाकलं की शॉर्टकट मारायचे, हे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून ताट-वाटी घरून आणायला सांगण्यासारखं झालं.

"शॉर्टकट बदलता येतात की!" येतात, पण अर्धेच. एम-एससारख्या कीज बऱ्याच ठिकाणी बदलता येतात. पण माउसबरोबर धरायच्या कीज, फेडरसाठी ज्या लागतात त्या, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये खिळे ठोकून बसवलेल्या असतात. म्हणजे जिथे टक्कर होते नेमकं तिथेच कुलूप. शिवाय बदलायला आधी कळायला तर हवं की टक्कर झाली!

"मग बाहेरून खऱ्या फेडरचा कंट्रोलर जोडा." हा शहरी उपाय. आधी तो परवडायला हवा, मग तो धुळीत, थंडीत, मेटॅडोरच्या टपावरून रोज नव्या गावाला जायला हवा. आणि तांत्रिकदृष्ट्या सांगायचं तर साधा मिडी कंट्रोलर १९८३ सालच्या मिडीच्या भाषेत बोलतो. त्यात व्हॉल्यूमला ० ते १२७ अशा फक्त १२८ पायऱ्या असतात. महागडे कंट्रोलर जास्त पायऱ्या देतात, पण स्वस्तातला घेतलात तर बारीक सरकवण्याचा प्रश्न जिथल्या तिथे. फिरून पुन्हा माउस आणि शिफ्ट.

"लक्ष ठेवायला हवं होतं." हा आक्षेप मला सगळ्यात जास्त चीड आणतो. दोन रात्रींचं जागरण झालेल्या माणसाने पडद्याच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या खुणेकडे बघून भाषा कुठली ते ओळखायचं, आणि हजारो ओळींचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने एवढं बघायचं नाही की आपल्याला आलेला 'स' हा एमच्याच कीवरून आलाय? लक्ष कुणी ठेवायचं हा वाटपाचा प्रश्न आहे. ते वाटप आम्ही सोयीने वापरणाऱ्याच्या गळ्यात घालतो.

आणि आता खरी गंमत ऐका. मशीनला बरेचदा टक्कर माहीत असते! विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रामला सगळीकडे चालेल अशी की हवी असेल तर तो रजिस्टरहॉटकी नावाचं फंक्शन वापरतो. तोच जोड आधी कुणी घेतला असेल तर ते फंक्शन साफ नकार देतं. लिनक्सच्या जुन्या एक्स विंडो सिस्टिममध्येही तसंच, दुसऱ्याने पकडलेली की मागितली तर त्रुटीचा निरोप येतो. म्हणजे 'ही जागा भरलेली आहे' हे वाक्य यंत्रात कुठेतरी उच्चारलं जातं. कित्येक प्रोग्रामर ते ऐकतात, गिळतात आणि पुढे जातात. वापरणाऱ्यापर्यंत ते पोचतच नाही. आणि कुणाकडे कुठला जोड आहे याची सबंध यादी द्या म्हटलं, तर तसं सरळ फंक्शनच विंडोजमध्ये नाही. वहिवाट चालू आहे, सातबारा नाही!

आमच्या भागातल्या लोकांना ही परिस्थिती फार ओळखीची वाटेल. जंगलावर गावाचा निस्तार असतो: सरपण, चराई, बांबू, मोहफुलं. कुणाचा कशावर हक्क ते निस्तार पत्रकात लिहिलेलं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही त्याची तरतूद आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. ते गाव आपले निर्णय ग्रामसभेत बसून सर्वसहमतीने घेतं. म्हणजे सामायिक वस्तू कशी वापरायची याचं शहाणपण गडचिरोलीत आहे: आधी बसा, हक्क लिहा, मग कुऱ्हाड उचला. कीबोर्डवरचे ते सात जोड हेही सामायिक रान आहे. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि तिने कुंपण घातलं, ड्रायव्हरवाला आला त्याने खुंटा रोवला, म्युझिक सॉफ्टवेअर आलं त्याने नांगर धरला. गावकऱ्याला कुणी विचारलं नाही. वर अतिक्रमणाची नोटीस त्याच्याच दारावर.

आणि हे वाढणार आहे. मसराम गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली, गुंजाळा गोंडी २०१८ साली. गोंडी गाणी रेकॉर्ड करणारा एखादा पोरगा उद्या इंग्रजी, मराठी आणि गोंडी अशा तीन मांडण्या घेऊन बसेल. त्याची भाषा दिवसातून शंभर वेळा बदलेल. त्यालाही आपण 'इंग्रजीत नाव टाक' म्हणूनच सांगणार का?

नुसतं भांडून उठायचं नाही, म्हणून मागण्या लिहितो. एकही मागणी अशक्य नाही, बहुतेक तर एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारख्या आहेत.

एक. शॉर्टकट ओळखताना कीची जागा बघा. अक्षर बघायचं ते फक्त लिहायच्या चौकटीत. निदान एवढं तरी करा की न ओळखलेलं अक्षर आलं तर त्याच जागेचं इंग्रजी अक्षर तपासा, आणि तेही जमलं नाही तर मुकाट गिळू नका. 'कीबोर्ड मराठीत आहे' एवढं दाखवा. ही एक ओळ असती तर काकांचा ऑर्गन वाचला असता.

दोन. फेडर बारीक सरकवायला की धरून ठेवण्याची सक्ती नको. माउसचं चाक द्या, एक बटण द्या जे दाबलं की पट्टी हळू चालेल. माउसबरोबरच्या कीज बदलण्याची सोय द्या. आणि आकडा टाइप करू द्या, देवनागरीतसुद्धा. कुणी उणे ३ असं आपल्या आकड्यात लिहिलं तर ते समजायला काय त्रास आहे? युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी आकड्याची किंमत नोंदलेली आहे. पायथनला देवनागरी '३' असलेली स्ट्रिंग पूर्णांकात बदलायला सांगा, बिनबोभाट तीन देतो.

तीन. प्रोग्राम सुरू होताना टक्कर तपासा. ज्या मशीनवर दोन भाषा बसवल्या आहेत तिथे भाषा बदलायचा जोड कुठला आहे ते बघा, आपल्या यादीशी ताडून पाहा, आणि पहिल्याच दिवशी सांगा: 'हा जोड इथे दोन कामांना लागतो, कुठला ठेवू?' चार ओळींची चौकट. त्याऐवजी आम्ही पहिल्या दिवशी काय दाखवतो? नवीन आवृत्तीची जाहिरात.

चार. ही मागणी ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना: कीबोर्डचं निस्तार पत्रक काढा. कुठला जोड कुणी घेतलाय याची एक उघडी यादी, वापरणाऱ्याला वाचता येईल अशी, आणि प्रोग्रामला विचारता येईल अशी. आज ही माहिती दहा खिडक्यांत विखुरलेली आहे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. विंडोजवर काम करत असाल तर कीबोर्डच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा. तिथे इनपुट भाषांच्या हॉट कीज असतात, त्यांतले ऑल्ट-शिफ्ट आणि कंट्रोल-शिफ्ट दोन्ही काढून टाका. भाषा बदलायला विंडोज-स्पेस आहेच, २०१२ च्या विंडोज ८ पासून. तिथेच प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवायचा पर्यायही आहे, तो चालू करा. मॅकवर स्पॉटलाइट आणि भाषा बदलायचे जोड कीबोर्ड शॉर्टकटच्या यादीत बदलता येतात. एक्सएफसीईवर खिडकी हलवायची की ऑल्टऐवजी दुसरी नेमता येते. आणि मूळ ट्रॅक पुसायच्या आधी एकदा सगळे म्यूटचे दिवे डोळ्यांखालून घाला.

दादाच्या लॅपटॉपवर मी हे सगळं करून दिलं आहे. पण मला सांगा, वडशात, ब्रह्मपुरीत, कुरखेड्यात, सिंदेवाहीत असे किती दादा असतील, आणि त्यांतल्या कितींचा मावसभाऊ सॉफ्टवेअरमध्ये असेल? ज्या वस्तूची दुरुस्ती नातेवाइकांवर अवलंबून असते ती वस्तू तयार झालेली नाही, ती अर्धवट विकलेली आहे. दिवाळीनंतर धान घरात येईल, सीझन लागेल, आणि पुन्हा रोज रात्री कुणीतरी वाजवलेलं सगळं एका मिक्सरच्या खिडकीतून जाईल. तिथे बसलेल्या माणसाने एम दाबलं, तर एमच व्हायला हवं.